निळी भिंत कोणी काळी केली?

मायच्या दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. कित्येक वर्षं तिला सगळं मळक्या पदराआडून पाहिल्यासारखं दिसत होतं. मोतीबिंदू पिकत गेला की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि पहिला मार निळ्या रंगाला बसतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पट्टी निघाली आणि माय आमच्या अमरावतीच्या दोन खोल्यांत लहान पोरीसारखी हिंडू लागली. साखरेचा डबा हातात घेऊन म्हणाली, "मायबाई, हा डबा निया हाये? मी तं हिरवा समजत होती इतके दिवस."

त्याच आठवड्यात पुण्याहून माझा भाचा आला. ताईचा मुलगा, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि फोटोचा नाद आहे. मधे एकदा तो मोटारसायकलनं आमच्या बंद घराकडे जाऊन आला होता. आजीसाठी भेट म्हणून त्याच घराचा मोठा फोटो फ्रेम करून आणला होता. पुण्यातल्या एका प्रदर्शनात हाच फोटो लागला होता, लोकांनी थांबून थांबून पाहिला होता. त्यानं मोठ्या हौशीनं कागद सोडला.

मायनं फोटो मांडीवर घेतला. नवे डोळे बारीक करून पाहिला. मग माझ्याकडे पाहून तिनं विचारलं,

"आपलं घर जयलं काय रे?"

"नाई माय. काहून?"

"मंग हे भित अशी कायी काहून?"

भाचा हसला. म्हणाला, "आजी, ते ब्लॅक अँड व्हाइट केलंय. रंगात काही मजा नव्हती. असं केलं की मूड येतो."

माय काही बोलली नाही. तिनं फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली, तोंड भिंतीकडे करून. त्या दिवसापासून हा वाद माझ्या डोक्यात चालू आहे, आणि आता तो मी कागदावर मांडतो आहे. पडक्या घरांचे, बंद जिनांचे, ओसाड स्टेशनांचे फोटो काढणारी पोरं वऱ्हाडात आता चिक्कार झाली आहेत. घरटी एक मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये रंग काढून टाकायचं बटण आहे. त्या सगळ्यांशी माझं भांडण आहे. भाचा नुसता हाताशी सापडला.

आधी घर सांगतो, म्हणजे भांडण कळेल.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाण पट्ट्यात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा पसरला आहे. जमीन काळीभोर, कसदार, पण खालचं पाणी खारट. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते ना पिता येतं, ना पिकाला देता येतं. घर मातीच्या भिंतींचं, धाब्याचं, समोर ओसरी. ताईचं लग्न निघालं तेव्हा बाबांनी चुन्यात नीळ कालवून समोरची भिंत स्वतः सारवली. नीळ किती टाकायची यावरून मायचं आणि त्यांचं भांडण झालं होतं. मग पेंटर बोलावला. त्यानं दाराच्या एका अंगाला गणपती काढला आणि दुसऱ्या अंगाला गेरूनं 'शुभविवाह' लिहून खाली नवरानवरीची नावं घातली. वऱ्हाडात लग्नघराची भिंत अशीच असते, पत्रिका हरवली तरी भिंत राहते.

त्या भिंतीवर ताईचं नाव आहे. खाली तिच्या नवऱ्याचं. म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या आईबापाचं.

आता फोटोत काय झालं ते पाहा. मी भाच्याला शेजारी बसवून विचारलं, त्यानं मला सगळं करून दाखवलं. रंगीत फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांचा असतो. त्याचा करडा करायचा तर तिघांचं वजन सारखं धरत नाहीत. नेहमीच्या हिशेबात हिरव्याचं वजन ५९ टक्के, लालचं ३० आणि निळ्याचं फक्त ११, कारण आपल्या डोळ्याला हिरव्याचा उजेड जास्त जाणवतो आणि निळ्याचा सगळ्यात कमी. म्हणजे निळा आधीच गरीब. त्यात संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी असते. कोणता रंग करड्यात किती उजळ किंवा किती गडद करायचा, ते तुमच्या बोटावर. भाच्याला आभाळ घनगंभीर हवं होतं. त्यानं निळ्याची पट्टी खाली ओढली. आभाळ काळं झालं, ढग उठून दिसले. पण आमची भिंतही निळीच होती. आभाळाबरोबर तीही बुडाली. आणि गेरू तर मुळातच गडद. गडद भिंतीवर गडद अक्षरं कुठून दिसणार? पोरानं एका बोटानं आपल्या आईबापाचं लग्न पुसलं आणि त्याला पत्ताही नाही. आजीला जळालेलं घर दिसलं यात तिच्या डोळ्यांची चूक नव्हती. तिचे डोळे तर नुकतेच दुरुस्त झाले होते.

आणखी एक. भिंतीच्या पायथ्याशी पांढरा थर आहे, पापुद्रे सुटलेला. फोटोत तो काळ्या भिंतीवर चांदीसारखा चमकतो. प्रदर्शनात लोक म्हणे त्याच्याजवळ जाऊन 'काय टेक्स्चर आहे' म्हणत होते. बाप्पा, तो लोणा आहे! खारं पाणी जमिनीतून भिंतीत चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. ते भिंत आतून फोडतं, दरवर्षी थोडं थोडं. ज्या मिठानं विहीर नासली त्याच मिठानं भिंत खाल्ली. बाबा गेल्यावर मायला गोड्या पाण्यासाठी घागर घेऊन कुठवर चालवायचं, म्हणून मी तिला अमरावतीला आणलं आणि घराला कुलूप लागलं. आमचं घर का सुटलं, याचं अख्खं उत्तर त्या पायथ्याच्या दोन हातांत आहे. रंगात पाहाल तर निळा चुना कुठं संपतो, पिवळसर ओल कुठून लागते आणि मीठ कुठवर चढलं, ते शेंबड्या पोरालाही कळतं. रंग काढला की त्याची नक्षी होते.

माझं म्हणणं एवढंच आहे. पडक्या वास्तूचा रंग म्हणजे तिचा जबाब आहे. कोण राहत होतं, केव्हा गेलं, का गेलं, हे ती रंगात सांगते. तुम्ही रंग काढता तेव्हा तिचं बोलणं बंद करता आणि मग खाली नाव देता 'मौन'. भाच्याच्या फोटोचं प्रदर्शनातलं नाव तेच होतं. आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'वऱ्हाडातील एक परित्यक्त घर'. परित्यक्ता म्हणजे नवऱ्यानं टाकलेली बाई. आमच्या घराला कोणी टाकलं नाही. आम्हाला निघावं लागलं. या दोन वाक्यांत जो फरक आहे, तोच काळ्यापांढऱ्या आणि रंगीत फोटोत आहे.

मूर्तिजापूरला जाऊन पाहा. तिथून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूर, अशी शकुंतला धावायची. अडीच फुटांचा अरुंद रूळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या इंग्रजी पेढीच्या पुढाकारानं ही लाईन झाली, आमचा कापूस मुंबईच्या मोठ्या लाईनपर्यंत न्यायला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिनं सत्तर वर्षांवर ओढलं, १५ एप्रिल १९९४ ला डिझेल इंजिन आलं. गेल्या दशकात दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. आता त्या स्टेशनांचे फोटो सगळीकडे फिरतात. बहुतेक काळेपांढरे, कडेनं जाणूनबुजून जुनाट केलेले. पाहणाऱ्याला वाटतं, हे साहेबाच्या राज्यातलं काहीतरी असणार, आजोबा-पणजोबांच्या काळात संपलं असणार. अरे, त्या गाडीनं मी कॉलेजला गेलो आहे! खिडकीतून उतरून, बाजूनं चालत, पुन्हा चढलो आहे. स्टेशनच्या पाटीचा रेल्वेचा पिवळा रंग अजून पुरता उडालेला नाही. तो पिवळा तुम्हाला सांगतो की ही गोष्ट कालपरवाची आहे, हा मालक अजून जिवंत आहे आणि त्याला विचारता येतं. इकडची माणसं ही लाईन मोठी करून पुन्हा सुरू करा म्हणून मागणी करतात, ती आजची मागणी आहे. काळापांढरा फोटो त्या मागणीला हार घालतो. भिंतीवर हार घातलेल्या माणसाला कोणी गाडीचं टाइमटेबल विचारत नाही. सरकारला याहून सोयीचं काय असेल?

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेत डेट्रॉइट नावाचं मोटारींच्या कारखान्यांचं शहर आहे. तिथलं मिशिगन सेंट्रल नावाचं प्रचंड रेल्वे स्टेशन १९८८ साली बंद पडलं. जगभरचे फोटोवाले तिथं आले आणि त्या स्टेशनच्या फुटक्या खिडक्यांचे फोटो काढून गेले. शहरातल्या लोकांना त्याचा राग यायचा. आम्ही इथं राहतो आहोत आणि तुम्ही आमचं शहर मेलेलं दाखवता, असं ते म्हणायचे. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीनं ते स्टेशन विकत घेतलं आणि २०२४ मध्ये ते दुरुस्त होऊन उघडलं. मेलेलं नव्हतंच ते, कुणीतरी पैसा लावायची वाट पाहत होतं. तिथं पैसा आला. आपल्याकडे अजून नुसते फोटोवाले येतात.

बंद जिनांचंही तेच. वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात चढला तो १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना तेव्हा. मग रेल्वे आली, जिन आल्या, प्रेस आले, अकोला-अमरावतीत धुराडी उभी राहिली. १९७२ पासून सरकारची एकाधिकार खरेदी आली. जिनच्या फाटकाबाहेर रात्र रात्र गाड्या लागायच्या, बैल सोडून माणसं गाडीखाली झोपायची, आणि कापूस घालून आल्यावर चुकाऱ्याची वाट पाहायची. यातल्या कित्येक जुन्या जिन आज बंद आहेत. बंद जिनमध्ये उभं राहून मी रंग वाचायला शिकलो. टिनाचा ताजा गंज नारिंगी असतो, जुना झाला की गडद तपकिरी होतो. यंदा पडलेल्या भिंतीची वीट लालभडक दिसते, दहा वर्षांपूर्वी पडलेली काळवंडते. शेवाळ जुलैत हिरवं असतं, मे महिन्यात कातडीसारखं वाळून जातं. कोपऱ्यात अडकलेली रुई आधी पांढरी, मग पिवळी, मग मातकट. म्हणजे ही जिन केव्हा थांबली, पत्रे केव्हा उडाले, चोरट्यांनी दार केव्हा नेलं, ही तारीखवार नोंद तिथं लिहिलेली असते. काळ्यापांढऱ्यात सगळा गंज एकच आणि सगळी वीट एकच. सगळं एकाच दिवशी, देवाच्या इच्छेनं पडल्यासारखं.

गावात रंगाला आणखी एक अर्थ असतो, तो शहरातल्या लोकांना सांगितला पाहिजे. निळा, भगवा, हिरवा हे आमच्याकडे नुसते रंग नाहीत. एखाद्या पडक्या घराच्या चौकटीवरचा निळा पट्टा तिथं कोण राहत होतं हे सांगतो, १९५६ नंतर त्या घरानं कोणती वाट धरली हेही सांगतो. एखाद्या हिरव्या कमानीचं तसंच. काळ्यापांढऱ्यात ही सगळी घरं सारखी करडी होतात. भाचा म्हणाला, "मग चांगलंच आहे ना मामा, जात-धर्म निघून गेला." नाही राजा. गावातून कोणत्या टोकाची माणसं आधी गेली, कुणाच्या वाट्याला पाणी शेवटी यायचं, कुणाची घरं पहिल्यांदा ओस पडली, हे त्याच रंगात आहे. तुझ्या फोटोत जात निघून गेली. गावातून नाही गेली.

आता माझ्या विरुद्ध जे बोललं जातं, तेही ऐकून घेतो.

पहिलं म्हणणं, जुने फोटो काळेपांढरेच होते, मग त्यांना का नावं ठेवत नाही? कारण तिथं इलाज नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून जुन्या फोटोतल्या आज्यांच्या कपाळावरचं कुंकू काळं दिसतं. त्यात कुणाची लबाडी नव्हती. उलट लोकांना ते खटकायचं. स्टुडिओवाला वर ब्रशनं रंग भरून द्यायचा, कुंकू लाल, लुगड्याचा काठ हिरवा. आपल्या माणसांनी वरचे पैसे मोजून रंग भरून घेतला. त्यांची नातवंडं आता पैसे मोजून काढून घेतात.

दुसरं म्हणणं, काळ्यापांढऱ्यात आकार दिसतो, उजेड-सावली दिसते. खरं आहे. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाचं कोरीवकाम काळ्यापांढऱ्यात फार सुंदर येतं, गाविलगडचा तटही येतो. दगडाला स्वतःचा रंग बेताचा, तिथं सावलीच बोलते. खुशाल करा. पण किल्ला सोडून गेलेले लोक आता दाद मागायला येणार नाहीत. आमची माय येते.

तिसरं म्हणणं सगळ्यात खरं आहे, आणि ते मला घरातच कळलं. रंगही खोटं बोलतो. मायनं फ्रेम उलटी ठेवली म्हणून भाचा खजील झाला. रात्री बसून त्यानं मूळ फोटो काढला आणि रंग 'खुलवला'. सकाळी स्क्रीनवर दाखवला तर भिंत अशी निळीगार, गवत असं हिरवंचार, की डोळे दिपावेत. मायनं पाहिलं आणि म्हणाली, "हे आपलं घर नाई. हा तं लग्नाचा मांडो हाये. इतकी नीय तुह्या आज्यानं नव्हती टाकली, मीच टाकू देली नव्हती."

म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचं भांडण अजून तिच्या लक्षात होतं, आणि त्या भांडणात ती जिंकली होती, हे मला त्या दिवशी कळलं. बाबांनी कालवलेल्या निळीचं प्रमाण तिच्या डोळ्यांत बसलेलं होतं. ते कोणत्याही पट्टीवर नव्हतं.

म्हणून मी काळ्यापांढऱ्याविरुद्ध भडक रंगाची बाजू घेत नाही. २००६ साली पंतप्रधान येऊन विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर करून गेले, त्या सुमाराला इकडे कॅमेरेच कॅमेरे आले. कुणाला भेगाळलेली काळी जमीन हवी होती, कुणाला लालभडक सूर्य. आमच्या जमिनीच्या खऱ्या रंगाशी कुणालाच कर्तव्य नव्हतं. दोन्हीकडे खोटेपणा एकच आहे. आपल्या मनातला भाव आधी ठरवायचा आणि मग दुसऱ्याच्या घराला तो फासायचा.

मागतो ते फार नाही. पडक्या घराचा फोटो काढलात तर रंग होता तसा ठेवा. काळापांढरा केल्याशिवाय राहवत नसेल तर रंगीत मूळ जपून ठेवा आणि मागितलं तर दाखवा. खाली 'मौन' लिहिण्यापेक्षा गावाचं नाव लिहा, तारीख लिहा. शेजाऱ्याला विचारा कोण राहत होतं, का गेलं, आणि तेवढं एक वाक्य लिहा. ज्यांचं घर आहे ती माणसं बहुधा जवळच्या शहरात दोन खोल्यांत सापडतात. छापायच्या आधी एकदा त्यांना दाखवा.

दिवाळीत भाच्याला घेऊन गावी गेलो. मायही आली, हट्टानं. या वेळी त्यानं भिंतीशी कोरा पांढरा कागद धरून आधी एक फोटो घेतला, मग बाकीचे. कागद पांढरा दिसेल तसा रंग बसवायचा, म्हणजे भिंत आपोआप आपल्या जागेवर येते, असं तो म्हणाला. ओसरीत बसूनच त्यानं लॅपटॉपवर ते केलं आणि आजीच्या समोर ठेवलं. फिक्की निळी भिंत. पोपडे. गणपतीची सोंड तेवढी उरलेली. गेरूची अक्षरं पुसट, पण वाचता येणारी. भाच्यानं आधी 'शुभविवाह' वाचलं, मग खालचं नाव वाचलं, आणि उठून भिंतीजवळ गेला. बराच वेळ तिथंच उभा होता.

मायनं स्क्रीनवर बोट ठेवलं, भिंतीच्या पायथ्याला.

"हे इथलोक आलं काय?" तिनं विचारलं. "मी गेली तवा गुडघ्याइतका होता लोना."

मग ती काठी टेकत स्वतः भिंतीपाशी गेली आणि हातानं मोजलं. तिच्या कमरेच्या वर गेला होता.